लावलं की जातं, सोडलं की येतं : सौम्य स्टेरॉईडची ट्यूब कुठे फसते

"ताई, ती मागचीच ट्यूब द्या. लावली की खाज बसते, सोडली की आठ दिवसांत परत हाय तिथंच."

माझ्या मेडिकलवर हे वाक्य रोज एकदा तरी येतं. मागचीच म्हणजे कोणती, हे सांगता येणारे थोडे. एखादा तळापासून गुंडाळत आणलेली, विडीच्या थोटकाएवढी उरलेली ट्यूब काउंटरवर ठेवतो. एखादी नुसता खोक्याचा रंग सांगते. माझा पहिला प्रश्न ठरलेला : किती दिवसांपासून चालू आहे? "झाले की दोन-तीन महिने" असं उत्तर आलं, तर ट्यूब काढण्याआधी मी स्टूल पुढे सरकवते.

दुकान परभणी जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे खाली निदान शोधू नका. डॉक्टरांनी इसबाला किंवा ॲलर्जीच्या लाल चट्ट्यांना सौम्य स्टेरॉईड मलम दिलं, तरी दुखणं फिरून फिरून येतं, तेव्हा घोडं कुठे अडलंय हे बघायची माझी एक रीत आहे. ती इथे लिहितेय.

एक कबुली आधीच देऊन टाकते. दुकान नवं होतं तेव्हा तीन औषधं एकात असलेल्या ट्यूबा मीही चिठ्ठीशिवाय दिल्यात. त्यातलीच एक माझ्या धाकट्या दिराने जांघेतल्या गजकर्णाला पाच-सहा महिने चोळली. गजकर्ण पुढे रीतसर औषधाने गेलं. पण मांड्यांच्या आतून जांभळट रेघा उमटल्या, बाळंतपणानंतर पोटावर पडतात तशा. आता त्या पांढऱ्या पडल्यात, पण पुसल्या नाहीत. तेव्हापासून माझी ही चौकशी सुरू आहे.

आधी ट्यूब उलटी करा

समोर कंपनीने ठेवलेलं नाव मोठ्या अक्षरात असतं. ते सोडा. मागे बारीक अक्षरात आत काय आहे ते लिहिलेलं असतं. मोबाईलचा टॉर्च लावा, फोटो काढून मोठा करा, पण वाचा. हायड्रोकॉर्टिसोन 1 टक्का किंवा डेसोनाइड 0.05 टक्का असेल तर ते सौम्य. मोमेटासोन 0.1 किंवा बीटामेथासोन व्हॅलरेट 0.1 असेल तर ते तीव्र. क्लोबेटासोल 0.05 हे सगळ्यांत जहाल.

इथे दोन खड्डे आहेत आणि शिकलेली माणसंही त्यात पडतात. पहिला टक्क्यांचा. एक टक्क्यापेक्षा 0.05 टक्का म्हणजे हलकंच असणार, असं वाटतं. प्रत्यक्षात 0.05 टक्के क्लोबेटासोलचा जोर एक टक्का हायड्रोकॉर्टिसोनच्या कित्येकशे पट, अगदी 600 पटींपर्यंत धरतात. टक्का सांगतो औषध किती घातलंय. ते किती जहाल आहे हे रेणूवर ठरतं. दुसरा खड्डा नावाचा. क्लोबेटासोन आणि क्लोबेटासोल. शेवटच्या एका अक्षराचा फरक, पण पहिलं मध्यम आणि दुसरं अतिजहाल. फोनवरून नाव सांगून पोराला मेडिकलवर पाठवू नका, चिठ्ठी नाहीतर रिकामं खोकं द्या.

मागे स्टेरॉईडबरोबर बुरशीवरचं एक आणि जंतूंवरचं एक औषध दिसलं, तर ती वर सांगितलेली तीन-एकात ट्यूब. ती डॉक्टरांनी हातात दिलेली नसेल तर ती सौम्य स्टेरॉईडच्या हिशोबात धरूच नका. आणि आठवडी बाजारात डबीत मिळणारं, लेबल नसलेलं 'जालीम मलम' असेल, तर पुढचं काहीच लागू पडत नाही, कारण आत काय आहे हे विकणारालाही सांगता येत नाही.

खोक्यावर लाल रेघ आणि चिठ्ठीची खूण असते ती शोभेची नव्हे. 2018 साली केंद्र सरकारने कातडीवर लावायच्या स्टेरॉईड मलमांची सूट काढून ती शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत, घेतली. चिठ्ठी मागितली की काउंटरवर तोंडं वाकडी होतात, "पलीकडच्या गल्लीत मिळतंय की" असंही ऐकावं लागतं. ऐकते.

मुळात ते इसबच आहे का?

परत येणाऱ्या खाजेत मला सगळ्यांत जास्त सापडतं ते गजकर्ण. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो, अंगाला घाम, कंबरेला करकचून बांधलेली परकराची नाडी नाहीतर जीनची जाड पँट, आणि पाण्याच्या टंचाईत कपडे दिवसाआड धुतलेले. बुरशीला आणखी काय हवं?

स्टेरॉईड लावलं की लाली आणि खाज दोन दिवसांत बसते, कारण ही लाली-खाज म्हणजे आपल्या अंगाने बुरशीशी केलेलं भांडण असतं आणि औषध ते भांडणच थांबवतं. बुरशी खाली निवांत पसरते. हराळी वरून कापून काढली की रान चार दिवस स्वच्छ दिसतं, तसंच हे. ट्यूब थांबवली की चट्टा पहिल्यापेक्षा मोठा होऊन येतो, आणि अनेकदा त्याची गोल कडाही मोडलेली असते, त्यामुळे बघणारा डॉक्टरही क्षणभर बुचकळ्यात पडतो.

घरी बघण्यासारख्या खुणा अशा : चट्टा गोल, कड उंच आणि खवल्यांची, मधला भाग त्यामानाने साफ. जागा जांघ, कंबर, बूड, स्तनाखाली. आणि घरात आणखी कुणाला तसंच आहे का, हे विचारायला लाजू नका. सासू-सुनेचा टॉवेल एकच निघतो. शंका आली तर त्वचेच्या डॉक्टरांकडे कड खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. सुईसुद्धा टोचत नाहीत.

गजकर्ण निघालं तर स्टेरॉईड बंद, आणि बंद केल्यावर पहिले काही दिवस खाज उसळणार, हे आधीच मनाशी धरून ठेवा. इथेच माणसं हार खाऊन जुन्या ट्यूबेकडे वळतात. बुरशीवरच्या मलमाला त्वचेचे डॉक्टर दोनाचा हिशोब सांगतात : दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही आणखी दोन आठवडे. अलीकडे आपल्या देशात एक हट्टी बुरशी पसरली आहे, ट्रायकोफायटन इंडोटिनी हे तिचं नाव. तिला 2020 साली नाव मिळालं आणि त्यात 'इंडो' आलं ते आपल्यावरूनच. बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला, टर्बिनाफिनला, ती बऱ्याचदा दाद देत नाही. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेल्या गोळ्या तुम्हाला लागू पडतीलच असं नाही.

दुसरी फसवणूक खरजेची. "रातभर खाजवू लालंय लेकरू, आता मलाबी सुरू झालं," असं आई सांगते, तेव्हा मी आधी दोघांच्या बोटांच्या बेचक्या बघते. मनगट, बेंबीभोवती, काखा. खरजेवर स्टेरॉईड म्हणजे किड्यांना अभय. तिला पर्मेथ्रिन, म्हणजे किडे मारणारं औषध लागतं, तेही घरातल्या सगळ्यांना एकाच रात्री, खाज असो वा नसो, आणि साधारण आठवड्याने परत एकदा. एकट्या लेकराला लावून उपयोग नाही.

कारण बांधावरच उभं असेल तर

आता खऱ्या इसबाकडे येऊ. इथे निदान बरोबर असतं, ट्यूब बरोबर असते, तरी परत येतं. का, ते एका मावशींनी मला शिकवलं.

त्या शेतमजूर. दरवर्षी आषाढात चेहरा लाल, पापण्या सुजलेल्या, मान काळवंडून खरबरीत. दिवाळीनंतर कमी होतं, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा. उन्हाची ॲलर्जी म्हणून त्यांनी तीन वर्षं काढली. मी त्यांना उजेडात उभं करून हनुवटी वर करायला लावली. हनुवटीखाली, कानामागे आणि पापण्यांच्या वळीत पुरळ होतं. ऊन या जागांवर फारसं पोचत नाही. हवेतून येणारी धूळ मात्र पोचते.

विचारलं, "खुरपणीला जाता तिथे गाजर गवत आहे?" त्या हसल्या. "कुठं नाही बाई ते?"

खरंच. 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे गवत आज आपल्या प्रत्येक बांधावर, शाळेच्या मैदानात, एसटी स्टँडच्या मागे आहे. त्यातलं पार्थेनिन हे द्रव्य काहींच्या कातडीला सोसत नाही. गवत उपटायची गरजच नाही. वाळलेल्या पानांचा भुगा वाऱ्यावर उडून चेहऱ्यावर बसला तरी पुरतं. मावशी रात्री ट्यूब लावत आणि सकाळी सातला त्याच बांधावर जात. त्यात धुतलेली साडी वाळत घालायची जागा कुठली, तर त्याच गवताची झुडपं. म्हणजे दिवसभर अंगावर तेच.

त्यांना पुढे घाटीच्या, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयाच्या, त्वचारोग ओपीडीला पाठवलं. तिथे पाठीवर पट्ट्या चिकटवून ॲलर्जी कशाची ते तपासतात. घरात बदललं ते इतकंच : पूर्ण बाह्यांचा जुना सदरा, तोंडाला सुती रुमाल, घरी आल्याआल्या साध्या पाण्याने तोंड-मान-हात धुणं, शेतातले कपडे वेगळे, आणि वाळत घालायला दोरी. दोरीचा खर्च सगळ्यांत कमी आणि गुण सगळ्यांत जास्त, असं माझं मत. परभणीच्या कृषी विद्यापीठातून या गवतावर सोडायचे मेक्सिकन भुंगे मिळतात, पावसाळ्यात ते पानं फस्त करतात. पण ज्याला ॲलर्जी आहे त्याने गवत उपटायला जाऊ नये, हे काम घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगावं, तेही फुलं यायच्या आत आणि हातमोजे घालून. आणि हो, शेवंती याच कुळातली. गौरीच्या सणात हार ओवताना चेहरा चुरचुरला तर नवल वाटायला नको.

सगळ्यांचं कारण गवत नसतं. गवंड्याच्या हाताला सिमेंट, भांडी घासणाऱ्या बाईला साबण, पोरीच्या कानाला खोट्या बाळ्यांतलं निकेल, जीन्सच्या बटणाखाली बेंबीजवळ तेच. मलम चालू आणि कारणही चालू, असं असेल तर ट्यूब बदलून काही होत नाही.

एक पेर

कित्येकदा मात्र काहीच चुकलेलं नसतं, फक्त औषध पुरेसं पोचत नाही. लोक मुगाच्या दाण्याएवढं मलम घेतात आणि अख्ख्या हाताला पुसतात. मग "सौम्य ट्यूब लागू पडत नाही, जरा पावरची द्या" म्हणतात.

माप आपल्या हातातच आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीचं टोकाकडचं एक पेर. ट्यूब दाबून त्या पेराच्या लांबीएवढी रेघ काढायची, ते साधारण अर्धा ग्रॅम होतं. एवढं मलम बोटांसकट दोन पंजे मावतील इतक्या चट्ट्याला पुरतं. चेहरा-मान मिळून अडीच पेरं, एका हाताला खांद्यापासून मनगटापर्यंत तीन, पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत सहा. हे माप ट्यूबेचं तोंड 5 मिलीमीटर धरून आहे. बारीक तोंडाच्या छोट्या ट्यूबेतून रेघ बारीक येते, तिथे थोडं जास्त धरावं. लेकराला लावताना मापाचं पेर मोठ्यांच्याच बोटाचं, फक्त पेरं किती ते डॉक्टरांना विचारून.

हिशोब बिलाच्या मागे मांडून दाखवते. दोन्ही कोपरांच्या खळग्यांत मिळून दोन पंजांएवढा चट्टा. सकाळी एक पेर, रात्री एक पेर, म्हणजे दिवसाला एक ग्रॅम. 15 ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवस. तुमची ट्यूब रोज लावून चार महिने पुरत असेल तर तुम्ही औषध लावत नाही, त्याचा वास देताय. उलट तेवढ्याच चट्ट्याला आठवड्यात दोन ट्यूबा संपल्या, तर तेही नीट नाही. जाड थर दिल्याने लवकर बरं होत नाही.

लावायचं फक्त लाल, खरबरीत, खाजऱ्या जागेवर. हलक्या हाताने, केसांच्या दिशेने, चकाकी येईल इतकंच. नंतर हात धुवा, चट्टा हातावरच असेल तर अर्थातच नको. वर प्लॅस्टिक गुंडाळू नका. बाळाच्या बुडाला लावून डायपर बांधणं म्हणजेही प्लॅस्टिक गुंडाळणंच, औषध कितीतरी जास्त आत शिरतं.

आणि मॉइश्चरायझर. हे नाव घेतलं की "ते सोडा ताई, औषध द्या" म्हणतात, पण इसबात अर्धं औषध तेच आहे. इसबाची कातडी म्हणजे भेगाळलेली जमीन, ओल धरत नाही. आंघोळ कोमट पाण्याने, दगडाने घासणं बंद, बोअरच्या जड पाण्यात साबण अंगावर चिकटून राहतो म्हणून तो कमी आणि नीट धुऊन काढलेला. अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर भरपूर. महागडंच हवं असं नाही, साधी पेट्रोलियम जेलीसुद्धा चालते. अंगभर इसब असलेल्या मोठ्या माणसाला आठवड्याला निदान पाव किलो लागतं. स्टेरॉईड आणि मॉइश्चरायझर यांत पंधरा-वीस मिनिटांचं अंतर ठेवा, एकावर एक लगेच फासलं की औषध पातळ होतं आणि नको तिथे पसरतं. चुलीपुढे बसणाऱ्या बायकांना एक जास्तीचं सांगते : असलं चिकट मलम मुरलेलं कापड पटकन पेट घेतं, वरचेवर गरम पाण्याने धुवा आणि जाळापासून पदर लांब ठेवा.

भ्यायचं किती

दुसऱ्या टोकाची माणसंही येतात. लेकराच्या गुडघ्यामागची कातडी खाजवून रक्ताळलीय, रात्री झोप नाही, आणि आजी म्हणते स्टेरॉईड नको, ते जिमवाली पोरं घेतात. ते वेगळं, हे वेगळं. कातडीवर लावायचं हायड्रोकॉर्टिसोन 1952 पासून वापरात आहे. सौम्य मलम, ठरलेले दिवस, ठरलेली जागा, यात घाबरण्यासारखं फार थोडं आहे. खाजवून झालेली जखम पिकली तर त्रास जास्त. भीतीपोटी एक दिवस लावायचं, दोन दिवस सोडायचं, असं केल्याने दाह कधीच पुरता विझत नाही आणि तेच "परत आलं" म्हणून मोजलं जातं.

जपायचं ते जागेला. कातडी सगळीकडे सारखी जाड नाही. हाताच्या पुढच्या भागाच्या मानाने कपाळातून हायड्रोकॉर्टिसोन सुमारे सहापट आत शिरतं, अंडकोशाच्या कातडीतून चाळीसपटीच्या वर, आणि तळपायातून जेमतेम सातवा हिस्सा. 1967 सालीच हे मोजलं गेलंय. म्हणून टाचेला दिलेली जहाल ट्यूब चेहऱ्याला लावायची नाही, जांघेला तर नाहीच. पापण्यांवर सौम्यसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, दीर्घकाळात डोळ्यातला दाब वाढू शकतो.

चेहऱ्यावर पाच ते सात दिवस, अंगावर फार तर दोन आठवडे, किंवा डॉक्टरांनी लिहिलं असेल तितकं. सात दिवसांत काहीच फरक नाही, तर जोरदार ट्यूब मागू नका, परत दाखवा. इसब बरोबर त्याच जागी दर महिन्याला उसळत असेल, तर डॉक्टर कधी कधी बरं झाल्यावरही आठवड्यातले दोनच दिवस लावायला सांगतात. ही पद्धत चांगली आहे, पण आपली आपण सुरू करायची नव्हे.

मुरुमं, पिवळी खपली धरलेले किंवा पू झालेले फोड, नागीण, कांजिण्या, यांवर स्टेरॉईड लावायचं नाही. गोरं होण्यासाठी तर नाहीच. लग्नसराईच्या तोंडावर पोरी येतात, मैत्रिणीने सांगितलेल्या क्रीमचं नाव घेऊन. मागे वाचलं तर मोमेटासोन. महिनाभर चेहरा चकाकतो, पुढे बारीक लाल शिरा, पुटकुळ्या, ओठांवर केस, आणि क्रीम थांबवलं की आग आग. अशी आग सुरू झाली असेल तर क्रीम पुन्हा लावून ती दाबू नका आणि घरी सोसतही बसू नका, त्वचेचे डॉक्टर गाठा. मलम लावल्यावर चट्टा उलट वाढतोय असं वाटलं तरी तेच. मलमातल्या निओमायसीन या जंतूंवरच्या औषधाचीच किंवा टिकवणाऱ्या रसायनाची ॲलर्जी असलेली माणसं मी पाहिली आहेत.

दाखवायला जाताना

घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, नांदेड आणि लातूरची शासकीय रुग्णालयं, सगळीकडे त्वचारोग विभाग आहे. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. फेकल्या असतील तर तुमच्या मेडिकलवाल्याकडून जुनी बिलं मागा. चट्टा जोरात होता तेव्हाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, कारण ओपीडीच्या दिवशीच तो शहाण्यासारखा बसलेला असतो. त्या सकाळी काही लावू नका, म्हणजे खरवडून तपासायला कड कोरडी मिळते. आणि "काय काय लावलं?" असं विचारलं तर शेजारणीने दिलेली ट्यूबही सांगा. डॉक्टर रागावले तर रागावू द्या.